गोळ्यांनी आवाज थांबले, पण दिवस सुरू होत नाही

धनकवडीतल्या एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, पाच वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत. कानात आवाज येणं थांबून दोन वर्षं झाली, संशयही गेला. पण तो अकरा-साडेअकराला उठतो, जेवतो, पुन्हा आडवा होतो आणि रात्री मोबाइल बघत जागतो. अंघोळीवरून रोज वाद. सायकियाट्रिस्टनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली आहे. वडील म्हणतात, "आळशी झालाय, कामाला जुंपा." आई म्हणते, "आजारी आहे, त्याच्या मागे लागू नका." आणि ताईंच्या माहितीप्रमाणे ही थेरपी लहान मुलांची, नाहीतर पॅरालिसिसनंतर हाताला वळण लावायची. मानसिक आजारात तिचा उपयोग काय, पाकिटं चिकटवायला बसवणार का, आणि नोकरी लागेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यात २२ वर्षं हे काम करतेय, त्यातलं बरंचसं मोठ्या माणसांच्या मानसिक आजारातलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या घरात खरं अडलंय ते थेरपीच्या नावावर नाही. आजाराचा जो भाग घाबरवतो, म्हणजे आवाज, संशय, रात्रीबेरात्री दार उघडून बाहेर पडणं, तो गोळ्यांनी आटोक्यात आला. मागे राहिलेला भाग गप्प आहे. काही करावंसं न वाटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, बोलणं आटणं, माणसांत नकोसं होणं. डॉक्टरी भाषेत याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात, म्हणजे जे असायला हवं होतं ते कमी होणं. सध्याची औषधं आवाज आणि संशयावर जितकी चालतात, तितकी या भागावर चालत नाहीत. त्यात लक्ष टिकवणं, क्रम लावणं, एक गोष्ट डोक्यात धरून दुसरी करणं, यावरही हा आजार परिणाम करतो. तो बाहेरून दिसत नाही. म्हणून एकच मुलगा वडिलांना आळशी दिसतो आणि आईला आजारी.

दोघंही आपापल्या जागी जे बघतात ते खोटं नाही. पण पाच वर्षांत त्याच्याकडून एकेक काम सुटत गेलं आणि घरानं ते उचललं. चहा आई देते, बिल ताई भरते, गोळ्या बाबा काढून देतात. आता त्याला दिवसभरात एकही गोष्ट अशी उरलेली नाही जी त्यानं नाही केली तर कुणाचं काही अडेल. असा दिवस तुमच्या-माझ्या वाट्याला आला तर आपणही महिन्याभरात अकराला उठायला लागू. आमचं काम इथे सुरू होतं.

नावाबद्दल आधी सांगते, कारण मराठीत ते फसवतं. ऑक्युपेशनल थेरपीला आपण व्यवसायोपचार म्हणतो आणि व्यवसाय म्हटलं की धंदा, नोकरी डोळ्यांसमोर येते. इथला अर्थ मोठा आहे. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो ते सगळं: दात घासणं, भाजी निवडणं, बस पकडणं, पुतण्याचा अभ्यास घेणं, देवाला फुलं वाहणं, मॅच बघणं, आणि नोकरीसुद्धा. आणि हे शास्त्र मुळात मानसिक आजाराच्याच कुशीतलं आहे, हात-पाय नंतर आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पिनेल आणि इंग्लंडमध्ये यॉर्कला ट्यूक यांनी मनोरुग्णांना साखळ्यांत डांबण्याऐवजी माणुसकीनं वागवून कामात गुंतवायला सुरुवात केली, तिथे त्याचं बीज आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची पहिली संघटना झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे तो वाढला. आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं प्रशिक्षण विद्यालय सुरू केलं. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी घरातल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला त्यांचंच नाव आहे. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. आपल्याच मातीत इतकं जुनं असलेलं काम पुण्यातल्या घरांना अजून समजावून सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पाकिटांबद्दल. तुमची शंका रास्त आहे, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. शिकून बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी मी एका रुग्णालयात होते. एका लांब टेबलाभोवती पंधरा-वीस जण बसवायचे आणि सगळ्यांना एकच काम, खाकी पाकिटं. तिथे एक काका होते, आजारापूर्वी २० वर्षं ड्राफ्ट्समन. एके दिवशी त्यांनी आपलं पाकीट चिकटवलंच नाही. घडी उलगडली, सपाट केली आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं त्याचा नकाशा काढला. चारही बाजूंची मापं, घडीच्या तुटक रेषा, गोंदाची पट्टी किती मिलिमीटर, सगळं लिहिलेलं. पट्टी नव्हती, अंदाजानं काढलं होतं, तरी रेषा सरळ. मी म्हटलं, "काका, आधी चिकटवून घ्या ना, पन्नास व्हायचीत." त्यांनी कागद उलटा ठेवला आणि पाकीट चिकटवलं. त्या माणसानं त्या महिन्यात स्वतःहून केलेली ती एकमेव गोष्ट होती आणि ती मी थांबवली. पाकिटं वाईट नसतात. ज्याला त्यात रस आहे, ज्याला त्याचे पैसे मिळणार आहेत, त्याच्यासाठी तेही उत्तम काम आहे. पण सगळ्यांना एकच काम देऊन वेळ काढणं याला उपचार म्हणत नाहीत. तुम्हाला असं ठिकाण दिसलं तर खुशाल उठून या.

मग आम्ही नेमकं काय करतो? एक उदाहरण जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

३१ वर्षांचा मुलगा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सुटलेलं. निदान, औषधं, घरातली स्थिती बरीचशी तुमच्यासारखी. मी पहिल्या दोन भेटींत आजाराबद्दल फार विचारलं नाही, ते डॉक्टरांच्या फाइलमध्ये होतं. मी विचारलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं? मग विचारलं, यातलं काय वेगळं असावं असं वाटतं? घरच्यांचं उत्तर तयार होतं, नोकरी. त्यानं बऱ्याच वेळानं सांगितलं, "मे महिन्यात चुलत भावाचं लग्न आहे. तिथे सगळे विचारतील, सध्या काय करतोस. मला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

हे वाक्य माझ्यासाठी सगळ्या फाइलपेक्षा मोलाचं होतं. आमच्याकडे कॅनडात तयार झालेली एक मोजण्याची पद्धत आहे. त्यात माणूस स्वतःच आपल्याला महत्त्वाच्या पाच गोष्टी निवडतो आणि प्रत्येकीला १ ते १० मध्ये दोन गुण देतो: आज मला ही किती जमते, आणि जशी जमते त्यावर मी किती समाधानी आहे. काही महिन्यांनी पुन्हा विचारायचं. दोन गुणांचा फरक पडला तर तो खराखुरा बदल मानतात. या मुलानं पाचांत "घरात काहीतरी काम असणं" लिहिलं, जमण्याला १ दिला आणि समाधानालाही १.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि त्याला म्हटलं, मला चहा करून देशील? आई लगेच म्हणाली, "त्याला नाही येत, मी टाकते." मी त्यांना दारात थांबवलं. त्यानं पातेलं काढलं, पाणी न मोजता ओतलं, गॅस पेटवला. इथपर्यंत छान. मग चहा पावडर शोधायला लागला. एक डबा उघडला, रवा. दुसरा, साबुदाणा. तिसऱ्या डब्यापाशी तो नुसताच उभा राहिला, हात झाकणावर. मागे पाणी उकळून आटत होतं, त्याकडे लक्ष नव्हतं. आई दोनदा पुढे झाल्या, दोनदा मी त्यांचा हात धरला. शेवटी त्यानं गॅस बंद केला आणि म्हणाला, "राहू दे."

घरच्यांना यातून दिसलं की याला चहा करता येत नाही. मला वेगळं दिसलं. गॅस पेटवणं, ओतणं, हात स्थिर असणं, धोक्याचं भान असणं, सगळं शाबूत. शेवटी गॅस त्यानं आठवणीनं बंद केला होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. शोधाशोध सुरू झाली की हातातलं काम डोक्यातून निसटायचं. म्हणजे चहा शिकवायची गरजच नव्हती, शोधणं काढून टाकायचं होतं. आम्ही ओट्याच्या एका कोपऱ्यात ट्रे ठेवला. त्यात डावीकडून उजवीकडे, लागेल त्या क्रमानं: मापाचा कप, चहा पावडर, साखर, गाळणी, पकड. दूध मात्र फ्रिजमध्ये, म्हणून ट्रेच्या शेवटी एक चिठ्ठी, "दूध". आधी दूध ओतणं आणि गाळणं एवढंच त्याचं, बाकी आईचं, म्हणजे शेवट त्याच्या हातून व्हायचा आणि तयार कप त्याच्या हातात यायचा. मग एकेक पायरी मागे सरकत गेलो. नवव्या दिवशी त्यानं पूर्ण चहा केला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला दोन कप करायला सांगितले, एक बाबांचा, साडेसहाला, ते फिरून येतात तेव्हा. बाबांनी कप घेतला, घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." आईला वाईट वाटलं. मला फार बरं वाटलं, कारण कितीतरी वर्षांनी या मुलाच्या कामाला कुणीतरी कामासारखं वागवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं साखर वाढवली. आता साडेसहाला कुणीतरी त्याची वाट बघत होतं, म्हणून त्याला सव्वासहाला उठावं लागत होतं, म्हणून रात्रीचा मोबाइल बाराला बंद होऊ लागला. उठण्यावर आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

पुढे चहावरून दुधाची पिशवी आणणं, त्यावरून कोपऱ्यावरच्या दुकानात हिशेब करणं, मग माझ्यासोबत पीएमपीच्या बसनं स्वारगेटपर्यंत, मग मी मागच्या सीटवर आणि तो पुढे, मग एकटा. हे सरळ रेषेत झालं असं समजू नका. आठव्या महिन्यात त्यानं गोळ्या बंद केल्या, घरी कळलं नाही, आणि त्याला पुन्हा भरती करावं लागलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ट्रे पुन्हा ओट्यावर ठेवला. साधारण सव्वा वर्षानं तो मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात दुपारी दोन तास बसायला लागला. लग्न तोवर होऊन गेलं होतं. त्या लग्नात तो काय म्हणाला ते त्यानंच मला सांगितलं: "घरी असतो, सकाळचं माझ्याकडे असतं."

यामागचा विचार दोन वाक्यांत सांगते. आपल्याला वाटतं, आधी इच्छा व्हावी, मग माणूस काम करेल. या आजारात, आणि नैराश्यातही, इच्छेची वाट बघत बसलं तर ती येत नाही. काम इतकं बारीक करायचं की ते इच्छेशिवायही होईल, आणि त्यातून जे समाधान मिळतं त्याच्या मागोमाग थोडी इच्छा येते. म्हणून "त्याला आवड निर्माण करा" असं कुणी म्हटलं की मी म्हणते, आवड नंतर बघू, आधी दिवसातली एक वेळ पक्की करू.

वडिलांबद्दल आणि आईबद्दल मला स्वतंत्रपणे बोलायचंय, कारण माझ्या अनुभवात निम्मं काम घरच्यांसोबत असतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासच्या दशकापासून यावर संशोधन केलं. ज्या घरात सतत टीका, राग किंवा अति काळजी असते तिथे रुग्णाचा आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पुढे अनेक देशांत हेच दिसलं. यात टीका आणि अति काळजी दोन्ही आहेत, हे लक्षात घ्या. "जरा हातपाय हलव" आणि "तू बस, मी करते" ही दोन्ही वाक्यं त्या मुलाला एकच गोष्ट सांगतात, तुझ्याच्यानं होणार नाही. आजार घरच्यांमुळे झाला असा याचा अर्थ अजिबात नाही. तुमच्या आई-वडिलांनी पाच वर्षं जे निभावलंय ते सोपं नाही. पण वडिलांना सांगा, दिवसातून एकच गोष्ट मागा, नेमकी मागा आणि झाली की नेहमीसारखं वागा. भाषण नको आणि टाळ्याही नकोत. आईला सांगणं अवघड असतं. मी सहसा त्यांना म्हणते, "काकू, तुमचं प्रेम कमी करू नका, फक्त दहा मिनिटं उशिरा करा." चहा अडला तर दहा मिनिटं थांबा. बऱ्याचदा आठव्या मिनिटाला तो स्वतःच उठतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, म्हणून हे आधी तपासून घ्या. अकरापर्यंतची झोप औषधाचीही असू शकते. गोळी रात्री किती वाजता घेतो, डोस किती, हे डॉक्टरांशी बोला. वेळ किंवा डोस स्वतःहून बदलू नका. हालचाल संथ झालीय का, हात थरथरतात का, चालताना हात हलायचे थांबलेत का, तेही सांगा. तो औषधाचा परिणाम असेल तर माझ्या कुठल्याही ट्रेनं काही होणार नाही. थायरॉइड, साखर, बी-१२ तपासलंय का? यातली काही औषधं वजन आणि साखर वाढवतात, त्यानंही माणूस मरगळतो. त्याच्या मनात खोल उदासी आहे का? निगेटिव्ह लक्षणं आणि नैराश्य बाहेरून सारखीच दिसतात, उपचार मात्र वेगळे. जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला, तर थेरपीची वाट न बघता त्याच दिवशी सायकियाट्रिस्टना गाठा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. दारू किंवा गांजा असेल तर तो विषय आधी घ्यावा लागतो. आणि आवाज पुन्हा सुरू झाले असतील तर आधी औषध, मग आम्ही.

किती काळ लागतो? पहिले तीन महिने आठवड्यातून एक-दोनदा, नंतर विरळ, असा माझा साधारण अंदाज असतो. आजाराला जितकी वर्षं झाली, जितकी कामं सुटली, तितका वेळ वाढतो. पाच वर्षं म्हणजे उशीर झाला असं मात्र नाही. पंधरा वर्षांनी उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

नोकरीचं विचारलंत. लागेलच असं वचन कुणी दिलं तर सावध राहा. पण "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग काम" हा हिशेबही चुकीचा आहे. जगभर एक पद्धत बरीच वापरली गेलीय आणि तिचे निकाल चांगले आले आहेत. माणसाला काम करायचं असेल तर लांबलचक तयारीत न अडकवता त्याच्या आवडीचं खरं काम लवकर शोधायचं, आणि आधार कामावर असताना द्यायचा, तोही थांबवायचा नाही. आपल्याकडे याची औपचारिक सोय कमी आहे, म्हणून मामाचं दुकान, ओळखीचं झेरॉक्स सेंटर, नर्सरी, असं काहीतरी बघावं लागतं. दोन तासांपासून सुरुवात, गर्दीची वेळ टाळून, आणि मालकाला किती सांगायचं हे त्या मुलाला विचारून.

कायद्याचा एक भाग उपयोगी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. प्रमाणपत्रासाठी जी मोजणी होते ती चार गोष्टींची: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम. वर आजारपण किती वर्षांचं तेही धरतात. बघा, आम्ही रोज जे बघतो तेच हे. ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी सवलती लागू होतात. पुण्यात ससून रुग्णालयात ही तपासणी होते. थेरपिस्टच्या नोंदी सोबत असल्या तर घरी काय जमत नाही हे तिथे पाच मिनिटांत सांगता येतं, नाहीतर तो तिथे शहाण्यासारखा बसून "सगळं ठीक आहे" म्हणतो. असं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हा निर्णय त्याचा. काहींना त्याचा आधार वाटतो, काहींना शिक्का वाटतो.

थेरपिस्ट कसा निवडायचा? पुण्यात आमच्यातले बहुतेक जण लहान मुलांसोबत काम करतात, म्हणूनच तुमचा तसा समज झाला. फोनवरच विचारा: मोठ्या माणसांच्या मानसिक आजारात काम केलंय का? घरी येऊन बघता का? महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारा. त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. पहिल्या दोन भेटींत भावाला काय हवंय हे थेरपिस्टनं त्याला विचारलं नाही, फक्त तुम्हालाच विचारलं, तर दुसरा शोधा. फी परवडणारी नसेल तर धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं दिवसभराचं पुनर्वसन केंद्र आहे, धनकवडीहून फार लांब नाही. त्यांचा कुटुंबीयांसाठीचा आधारगटही आहे. तुमच्या वडिलांनी तिथे एकदा इतर वडिलांशी बोलावं असं मला फार वाटतं. माझ्या दहा भेटींत जे होत नाही ते तिथल्या एका बैठकीत होताना मी पाहिलंय.

आणि काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट असताना आम्ही कशाला, हाही प्रश्न येईल. ते विचारांवर, भावनांवर बोलण्यातून काम करतात आणि ते हवंच. आम्ही ओट्यापाशी, बसस्टॉपवर, बाथरूमच्या दाराशी काम करतो. तुमच्याकडच्या अंघोळीचंच बघा. वाद "जा, अंघोळ कर" यावर होतो. पण मी विचारेन, अंगावर पाणी पडल्याचा त्रास होतो का? शॉवर की बादली? टॉवेल, कपडे आधी काढून ठेवलेले असतात का? दाराबाहेर कुणी उभं असतं का? एका मुलाचं अडलं होतं ते फक्त थंड फरशीवर. लाकडी पाट ठेवला आणि वाद संपला. तुमच्याकडे कारण दुसरं असेल, पण कारण असेल.

थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत एक काम सुरू करा. साधी दोनशे पानी वही घ्या. सात दिवस, दर दोन तासांनी तो काय करत होता एवढंच लिहा. चांगलं-वाईट लिहू नका, "नुसता पडून" असंही नको, "पलंगावर, मोबाइल, क्रिकेटचे व्हिडिओ" असं लिहा. त्याच्यापासून लपवू नका, त्याला सांगून लिहा, आणि त्याला लिहायचं असेल तर पेन त्याच्या हातात द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला एखादी वेळ दिसेल जेव्हा तो जरा जागा असतो. कुणाला संध्याकाळी सात, कुणाला जेवणानंतर. पहिलं काम त्या वेळेला ठेवायचं, सकाळी नाही. ते काम घरच्या कुणाच्या तरी उपयोगाचं असावं, पाच मिनिटांचं असावं आणि रोजचं असावं. झाडांना पाणी, संध्याकाळचा दिवा, कुकरला शिट्टी लावणं, तळजाई टेकडीच्या वाटेवर बाबांसोबत पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत.

पहिल्या भेटीला ती वही घेऊन जा. शक्य असेल तर आई-बाबांना त्या दिवशी घरी राहू द्या आणि तुम्ही दोघंच जा. रिक्षाचे पैसे त्याच्या खिशात द्या, उतरल्यावर त्यालाच देऊ द्या.